सरकते छप्पर

वेधशाळा हा शब्द कानी पडताच आपल्या मनश्चक्षूंपुढे प्रथम उभा राहतो तो घुमट. टेकडीवरील एक पांढरी वास्तू, तिच्या माथ्यावर गोल फिरणारे कवच, त्या कवचात एक उभी फट आणि त्या फटीतून आकाशाकडे रोखलेली दुर्बीण, असे चित्र शालेय पुस्तकांनी आपल्या मनावर कायमचे कोरून ठेवले आहे. घुमट हे राजाश्रयाचे व विद्यापीठीय वैभवाचे चिन्ह होय. तो उभारण्यास निष्णात कारागीर लागतात आणि तो फिरता ठेवण्यास पगारी माणसे लागतात. परंतु या घुमटाच्या इतिहासाच्या कडेकडेने दुसरा एक साधासुधा इतिहास चालत आलेला आहे. घराच्या परसात चार भिंतींची एक खोली, तिच्या मधोमध चौथऱ्यावर कायमची बसविलेली दुर्बीण, आणि रुळांवरून हाताने ढकलून बाजूला सारता येईल असे पत्र्याचे छप्पर, एवढाच त्याचा पसारा. आज जगभर हौशी ज्योतिर्विद स्वतःच्या खर्चाने ज्या वेधशाळा उभारतात, त्यांतील कितीतरी याच धर्तीच्या असतात.

हे छप्पर कोणत्या गरजेतून आले, ते कसे चालते, आणि घरगुती वेधशाळांनी आपल्या देशात मागे काय ठेवले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय ज्योतिःशास्त्राचा दिसला, तरी त्यात एक प्रश्न असा दडलेला आहे की तो आमच्यासारख्या परमुलखात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला विशेष जवळचा वाटावा. वेधशाळेला स्थैर्य लागते. तिचा चौथरा एकदा बसला की हलवावयाचा नसतो. आणि आम्हां लोकांचे तर बिऱ्हाड पाठीवर! ज्याच्या पायाखालची जमीन दर चार-पाच वर्षांनी बदलते, त्याने आकाशाशी कायमचे नाते जोडावे तरी कसे?

प्रारंभी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जुन्या दगडी वेधयंत्रांना छपराची गरजच नव्हती. दिल्लीत राहणाऱ्या वाचकांनी जंतर मंतर पाहिलेच असेल. सवाई जयसिंगाने 1724 मध्ये उभारलेले तेथील सम्राट यंत्र म्हणजे ध्रुवाकडे चढत जाणारा एक प्रचंड जिनाच होय. ऊन आणि पाऊस त्याच्या अंगावरून शतकानुशतके गेले. त्याच जयसिंगाने उज्जयिनीस बांधलेल्या वेधशाळेची पुढे पडझड झाली, तेव्हा ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी 1923 मध्ये तिचा जीर्णोद्धार करविला आणि गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाने तिची व्यवस्था पाहिली. दगडचुन्याचे यंत्र असे दोनशे वर्षांनीही पुन्हा कामास लावता येते. दुर्बिणीचे तसे नाही. भिंगावर बुरशी चढते, आरशाचा मुलामा काळवंडतो, पोलादी आस गंजतो. एक पावसाळा उघड्यावर काढला की यंत्र निकामी झालेच म्हणून समजावे. तात्पर्य, छपराचा प्रश्न जन्मास आला तो धातूच्या सूक्ष्म यंत्रांबरोबर, आणि दुर्बिणीबरोबर तो अधिकच बिकट झाला. यंत्राला झाकले तर पाहिजे, आणि काम करताना वर काही असता तर कामा नये!

या पेचाशी झगडणाऱ्या आद्य पुरुषांत डेन्मार्कचा सरदार ट्यूको ब्राहे याची गणना करावी लागेल. त्याच्या काळी दुर्बीण नव्हती. मोठमोठ्या धातूच्या चापांनी तो ताऱ्यांची स्थाने मोजी. 1576 मध्ये त्याने ह्वेन बेटावर उरानिबोर्ग नावाचा वाडा बांधण्यास प्रारंभ केला. त्याच्या वेधकक्षांवर शंकूच्या आकाराची छपरे होती आणि त्यांचे त्रिकोणी तक्ते हवे तेव्हा काढता येत. परंतु उंचावर वाऱ्याने यंत्रे थरथरतात, असा अनुभव आल्यावर त्याने 1584 च्या सुमारास शेजारीच दुसरी वेधशाळा बांधली. तिच्यात यंत्रे जमिनीखालच्या तळघरांत ठेवलेली होती आणि वर दिसत ती केवळ छपरे. उघडे आकाश, वाऱ्यापासून आडोसा आणि निष्कंप पाया या तिन्हींचा मेळ घालणे हे वेधशाळेच्या बांधकामाचे मर्म त्याला तेव्हाच उमगले होते. पुढे राजाची मर्जी फिरली. 1597 मध्ये ट्यूकोला बेट सोडावे लागले, 1601 मध्ये तो परमुलखात, प्राग येथे, मरण पावला आणि उरानिबोर्ग पाडण्यात आला. मात्र त्याच्या नोंदवह्या योहानेस केप्लरच्या हाती आल्या. त्यांतील मंगळाच्या वेधांवरूनच केप्लरने 1609 मध्ये ग्रहांच्या लंबवर्तुळाकार कक्षेचा सिद्धान्त मांडला. वाडा गेला, वह्या राहिल्या. आणि वाडा बांधला होता तो त्या वह्यांसाठीच.

सतराव्या शतकात डान्झिग शहरी योहानेस हेवेलियस नावाचा एक बिअर गाळणारा सधन व्यावसायिक होऊन गेला. त्याने आपल्या एकमेकांस लागून असलेल्या घरांच्या छपरांवर सलग फलाट बांधून वेधशाळा थाटली. चंद्राचे नकाशे देणारा त्याचा ग्रंथ 1647 मध्ये प्रसिद्ध झाला. 26 सप्टेंबर 1679 रोजी लागलेल्या आगीत घरे, यंत्रे व छापलेले ग्रंथ भस्मसात झाले. सत्तरीच्या उंबरठ्यावरील हेवेलियसने पुन्हा वेधशाळा उभारली. 1687 मध्ये तो वारल्यावर त्याची पत्नी एलिझाबेथा, जी त्याच्या बरोबरीने वेध घेत असे, तिने 1690 मध्ये ताऱ्यांची सारणी छापून पुरी केली. घरगुती वेधशाळेचे हे पहिले ठळक उदाहरण म्हणता येईल. तिच्या कथेत गृहिणीचा वाटा किती मोठा होता, हेही वाचकांच्या ध्यानात येईल.

अठराव्या शतकातील विल्यम हर्शेलची कथा बहुतेकांस ठाऊक आहे. इंग्लंडमधील बाथ गावी संगीताच्या शिकवण्या करून तो पोट भरी आणि रात्री स्वतः घासलेल्या आरशांच्या दुर्बिणीतून आकाश पाही. 1779 मध्ये त्याने घरासमोरील रस्त्यावरच दुर्बीण मांडली असता वाटेने जाणाऱ्या डॉक्टर विल्यम वॉटसन यांनी थांबून तीतून चंद्र पाहिला. त्या ओळखीने हर्शेलला विद्वानांच्या वर्तुळात प्रवेश मिळाला. 13 मार्च 1781 रोजी घरामागील बागेतून पाहत असता त्याला युरेनस हा ग्रह सापडला. त्या बागेत छप्पर नव्हते, घुमट नव्हता. पुढे स्लाउ येथे त्याने 1789 मध्ये पुरी केलेली 40 फूट लांबीची दुर्बीणही उघड्यावरच उभी होती. आयर्लंडमधील बर येथे लॉर्ड रॉस यांनी 1845 मध्ये उभारलेली 72 इंची आरशाची दुर्बीण दोन उंच भिंतींच्या मध्ये टांगलेली असून तिच्यावरही छप्पर नव्हते. एवढ्या अवाढव्य यंत्रांना झाकणार तरी कशाने?

लहान यंत्रांची गोष्ट वेगळी होती. एकोणिसाव्या शतकात भिंगांच्या दुर्बिणी सुबक व आटोपशीर झाल्या, आणि इंग्लंडातील व्यापारी, धर्मोपदेशक व वकील मंडळींना त्या परवडू लागल्या. रेशमी कापडाचा व्यापार सोडून विल्यम हगिन्स यांनी 1856 मध्ये लंडनच्या टल्स हिल भागात घरालगत वेधशाळा बांधली. 1864 मध्ये तेथूनच त्यांनी एका तेजोमेघाचा वर्णपट पाहून तो वायुरूप असल्याचे दाखविले. परंतु धातूचा फिरता घुमट सर्वांनाच कसा परवडावा? रॉम्सी गावचे धर्मोपदेशक एडवर्ड बर्थन हे मोठे कल्पक गृहस्थ होते. घडी घालून ठेवता येणारी होडी ही त्यांचीच निर्मिती. त्यांनी 1870 च्या सुमारास लाकूड व कॅनव्हास यांच्या स्वस्त वेधशाळेचा आराखडा तयार केला. ‘इंग्लिश मेकॅनिक’ या साप्ताहिकातून तो हौशी वाचकांपर्यंत पोहोचला आणि ‘रॉम्सी वेधशाळा’ या नावाने रूढ झाला. कारखान्याच्या दारी न जाता गावच्या सुताराकडून वेधशाळा करवून घेता येते, हा विश्वास अशा आराखड्यांनी लोकांना दिला.

सुताराच्या हाती काम आले म्हणजे सरकते छप्पर फार दूर नसते. गोल घुमट करणे सुताराला जड जाते. परंतु सरळ भिंतींवर दोन रूळ टाकून त्यांवर चाके लावलेले छप्पर ठेवणे, हे गाडीचे दार सरकविण्याइतकेच सोपे असते. म्हणूनच कोणा एका संशोधकाचे नाव या छपराशी जोडलेले नाही. त्याचे दोन प्रकार रूढ झाले. एकात सबंध खोपटेच रुळांवरून दूर ढकलतात आणि दुर्बीण उघड्यावर उरते. दूरचित्रवाणीवरून अर्धशतकाहून अधिक काळ आकाशदर्शन घडविणारे पॅट्रिक मूर यांच्या सेल्सी येथील बागेत अशा प्रकारचे, दोन अर्धांत दुभंगून सरकणारे खोपटे होते. दुसऱ्या प्रकारात भिंती जागेवर राहतात व केवळ छप्पर सरकते. मूर यांनी 1996 मध्ये हौशी मंडळींच्या लहान वेधशाळांची वर्णने एकत्र करून एक पुस्तकच संपादित केले.

आता या दुसऱ्या प्रकाराची रचना थोडी तपशिलाने पाहू. प्रथम येतो तो मधला खांब. तो जमिनीत खोल गाडलेल्या काँक्रीटच्या स्वतंत्र पायावर उभा करतात आणि खोलीची फरशी त्याला कोठेही चिकटू देत नाहीत. कारण शंभरपट मोठी प्रतिमा दाखविणाऱ्या दुर्बिणीत पावलाचा धक्काही शंभरपट दिसतो. खांबावर दुर्बिणीची जी बैठक असते, तिचा एक आस पृथ्वीच्या अक्षाला समांतर, म्हणजे ध्रुवाकडे रोखलेला ठेवावा लागतो. आकाश तासाला 15 अंश या गतीने फिरते आणि त्या एकाच आसाभोवती दुर्बीण तितक्याच गतीने उलट फिरविली म्हणजे तारा दृष्टिक्षेत्रात स्थिर राहतो. या आसाचा क्षितिजाशी होणारा कोन स्थळाच्या अक्षांशाइतका असतो. पुण्यास तो साडेअठरा अंश, तर दिल्लीस सुमारे साडेअठ्ठावीस अंश. बदलीच्या माणसाने दुर्बीण बरोबर नेली तरी तिचा आस प्रत्येक गावी नव्याने वाकवावा लागतो, तो यामुळे.

त्यानंतर भिंती व रूळ. तीन मीटर लांबीरुंदीची खोली एका माणसाच्या कामास पुरते. दोन भिंतींच्या माथ्यावर लोखंडी अँगल उलटा बसवून त्यावर खाचेची चाके चालवितात, किंवा चॅनेलमध्ये साधी चाके बसवितात. हे रूळ खोलीच्या बाहेर तेवढेच लांब नेऊन खांबांवर पेलावे लागतात, कारण सरकलेले छप्पर तेथे विसावणार असते. उत्तर गोलार्धात छप्पर बहुधा उत्तरेकडे सरकवितात. ग्रह आणि राशिचक्र दक्षिणेकडून जातात, तेव्हा उत्तरेचा खालचा भाग झाकला गेला तरी बिघडत नाही, असा त्यामागील हिशेब असतो. इंग्लंडात तो बरोबर आहे, कारण तेथे ध्रुव पन्नास अंशांहून उंच असतो. आपल्याकडे मात्र तो डोळे मिटून स्वीकारता येत नाही. समजा, विसावलेल्या छपराची जवळची कड दुर्बिणीच्या आसापासून 2 मीटर दूर आहे आणि तिचा माथा आसाहून 1 मीटर उंच आहे. तर सुमारे 27 अंशांपर्यंतचे उत्तर आकाश त्याआड जाते. दिल्लीत ध्रुव तारा जेमतेम वर उरेल. पुण्यात, हैदराबादेत वा चेन्नईत तो साफ झाकला जाईल, आणि ज्या ताऱ्यावरून आस रोखावयाचा तोच दिसेनासा होईल. यावर उपाय म्हणजे छपराचा उतार अगदी कमी ठेवणे किंवा ते पूर्व-पश्चिम सरकविणे. परदेशी आराखडा जशाचा तसा उतरविता येत नाही, याचे हे चांगले उदाहरण होय.

वाऱ्याने छप्पर उचलले जाऊ नये म्हणून आतून मजबूत कड्या लागतात. पावसाची झड आत येऊ नये म्हणून छपराची कड भिंतीच्या बाहेर खाली उतरती ठेवतात. काम संपल्यावर दुर्बीण आडवी केल्याशिवाय छप्पर ओढावयाचे नाही, हा अशा वेधशाळेतील पहिला नियम असतो. तो विसरला की छपराचा वासा आणि दुर्बिणीची नळी यांची गाठ पडलीच. या रचनेत उणिवाही आहेत. घुमटाच्या फटीने वारा व शेजाऱ्याच्या दिव्याचा उजेड अडतो; उघड्या खोलीत ते दोन्ही आत येतात, आणि दवही पडते. परंतु दिवसभर तापलेली खोली छप्पर सारताच बाहेरच्या हवेइतकी निवू लागते. घुमटात कोंडलेली ऊन हवा फटीतून वर चढताना प्रतिमा जशी थरथरते, तसे येथे होत नाही. शिवाय एकाच दृष्टीत सबंध आकाश दिसते.

पण या छपराचा खरा लाभ यंत्रशास्त्रात शोधू नये. तो माणसाच्या स्वभावात आहे. दुर्बीण कपाटातून काढावी, तिवई मांडावी, आस रोखावा, भिंगे निवण्याची वाट पाहावी, यात तास जातो. दिवसभर कचेरीत बसून आलेला माणूस हा खटाटोप दोन रात्री करतो आणि तिसऱ्या रात्री आभाळाकडे पाहून झोपी जातो. छप्पर एका धक्क्याने उघडत असेल तर तो दहा मिनिटांची मोकळी वेळही आकाशाला देऊ शकतो. हौशी माणसाने ज्योतिःशास्त्रात जी भर घातली, ती बहुतांशी सातत्याच्या बळावर घातलेली आहे. घुमटवाल्यांजवळ मोठी यंत्रे होती. याच्याजवळ रोजची रात्र होती.

आता आपल्या देशाकडे वळू. विशाखापट्टणम येथे गोडे वेंकट जग्गाराव या जमीनदाराने मद्रासच्या सरकारी वेधशाळेत टी. जी. टेलर यांच्या हाताखाली वेधविद्येचे धडे घेतले आणि 1840 च्या सुमारास राहत्या आवारात वेधशाळा स्थापली. 1856 मध्ये ते वारल्यावर जावई अंकितम वेंकट नरसिंगराव यांनी सरकारी नोकरी सोडून तिची जबाबदारी पत्करली. 1868 चे खग्रास सूर्यग्रहण आणि 9 डिसेंबर 1874 चे शुक्राचे अधिक्रमण यांचे वेध त्यांनी घेतले. त्यांच्याकडे सहा इंची भिंगाची कुक कंपनीची दुर्बीण होती, आणि लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे ते सभासद होते. 1892 मध्ये ते निवर्तले. कुटुंबीयांनी काही काळ ती परंपरा चालविली, परंतु डाबा गार्डन्स भागात आज ती वेधशाळा नाही.

पुण्याची कथा आपल्या अधिक जवळची. एल्फिन्स्टन महाविद्यालयातील अध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांना भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी देणगी दिली, सरकारनेही भर घातली, आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजात महाराज तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिची 20 इंची आरशाची ग्रब कंपनीची दुर्बीण पुढे कित्येक वर्षे देशातील सर्वांत मोठी होती. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकून सूर्याच्या प्रभामंडळाचे वेध घेतले. ही वेधशाळा खासगी नव्हती, तरी ती एका माणसाच्या खांद्यावर उभी होती. 1912 मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद करून यंत्रे कोडाईकनालला पाठविण्यात आली. त्यांच्या जागी दुसरा माणूस नेमण्यात आला नाही.

हैदराबादेत याच्या उलट घडले. नवाब जफर जंग बहादूर यांनी 1901 मध्ये 15 इंची दुर्बीण मागवून आपल्या फिसलबंडा येथील जहागिरीत वेधशाळा आरंभिली. 1907 मध्ये ते वारले. परंतु पुढल्याच वर्षी निजाम सरकारने वेधशाळा ताब्यात घेतली आणि ती बेगमपेठेस हलविली. ‘निजामिया’ या नावाने तिने आकाशाच्या आंतरराष्ट्रीय छायाचित्र-नकाशातील आपला पट्टा पुरा केला. काचेच्या पट्ट्यांवरील सात लाखांहून अधिक ताऱ्यांची स्थाने मोजून वहीत उतरविण्याचे ते काम होते. ज्याने उभा जन्म खतावण्या लिहिण्यात घालविला, त्यालाच या कामाचे मोल कळेल.

आणि खतावणीवरून आठवण होते ती जेसोरच्या राधागोविंद चंद्र यांची. आमच्या मते प्रस्तुत इतिहासातील सर्वांत बोधप्रद चरित्र त्यांचेच. 1878 मध्ये जेसोरजवळील बागचर गावी त्यांचा जन्म झाला. प्रवेश परीक्षा तीनदा देऊनही ते उत्तीर्ण होऊ शकले नाहीत. पुढे जेसोरच्या सरकारी खजिन्यात नाणी पारखण्याच्या कामावर ते लागले. 1910 मध्ये त्यांनी हॅलेचा धूमकेतू पाहिला, आणि 1912 मध्ये इंग्लंडहून तीन इंची भिंगाची दुर्बीण मागविली. जून 1918 मध्ये गरुड तारकापुंजात एक नवतारा झळकला. त्याचे स्वतंत्र वेध घेऊन त्यांनी ते हार्वर्ड वेधशाळेच्या पिकरिंग यांना कळविले. तेथून त्यांचा संबंध अमेरिकेतील रूपविकारी तारे पाहणाऱ्या निरीक्षकांच्या संस्थेशी जडला. ही संस्था 1911 मध्ये विल्यम टायलर ओलकॉट या वकिलाने स्थापलेली होती. ज्या ताऱ्यांचे तेज कमीजास्त होते ते रूपविकारी तारे. जवळच्या स्थिरतेजी ताऱ्यांशी ताडून त्यांचे तेज अंदाजावयाचे आणि तारीख-वेळेसह एक ओळ लिहावयाची, एवढेच ते काम. नाणे पारखणाऱ्याच्या नजरेला ते काम मानवले, यात नवल ते काय!

1926 मध्ये त्या संस्थेने आपले सभासद चार्ल्स एल्मर यांची सहा इंची दुर्बीण त्यांच्याकडे पाठविली. 1919 पासून 1954 पर्यंत त्यांनी 37,215 नोंदी पाठविल्या. वर्षाला हजाराहून अधिक, म्हणजे बंगालचा पावसाळा धरूनही दररोज सरासरी तीन! मध्यंतरी देशाची फाळणी झाली. गाव परक्या देशात गेले आणि ते पश्चिम बंगालमधील बारासात येथे आले. त्यांच्यापाशी नावाजण्यासारखी वास्तू कधी नव्हतीच. त्यामुळे वास्तू मागे राहिल्याने वेध खुंटले, असे त्यांच्या बाबतीत घडले नाही. 1975 मध्ये ते निवर्तले. अमेरिकेहून आलेली दुर्बीण कालांतराने तामिळनाडूतील कावलूरच्या वेधशाळेत पोहोचली. कावलूरची वेधशाळा ज्यांनी उभारली ते वेणू बाप्पू हे हैदराबादच्या निजामिया वेधशाळेतील एका साहाय्यकाचे पुत्र होत. पुण्याची यंत्रे कोडाईकनालला आणि जेसोरची दुर्बीण कावलूरला, अशा रीतीने विखुरलेल्या वेधशाळांचे अवशेष दक्षिणेतील एकाच परंपरेत येऊन मिळाले.

सरकत्या छपराला मात्र आमच्या काळात अनपेक्षित प्रतिष्ठा लाभली. अमेरिकेतील अपाचे पॉइंट येथील अडीच मीटर आरशाची स्लोन दुर्बीण रात्री अगदी उघड्यावर उभी राहते. तिच्यावरील सबंध इमारतच रुळांवरून मागे सरकते. 2000 पासून तिने कोट्यवधी खस्थ वस्तूंची गणती केली. ला पाल्मा बेटावर आठ छायाचित्र-भिंगांचा एक संच अशाच सरकत्या छपराखाली बसविला गेला. त्याच्या साह्याने 2006 पासून परक्या ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह उजेडात आले. ज्याला एकाच वेळी आकाशाचा मोठा भाग पाहावयाचा आहे, त्याला घुमटाची फट अपुरी पडते. परसातील सुताराचा तोडगा असा मोठ्या शास्त्राच्या कामी आला.

आपल्याकडे पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्थेने 1944 पासून हौशी निरीक्षकांची परंपरा जागती ठेवली आहे. लडाखमधील हानले येथे 2022 मध्ये अंधाऱ्या आकाशाचे राखीव क्षेत्र घोषित झाले, आणि तेथील गावकऱ्यांना दुर्बिणी देऊन आकाश दाखविण्याचे शिक्षण देण्यात आले. त्यांच्या अंगणाला छपराची अडचण नाही आणि दिव्यांचीही नाही. शहरांत मात्र आकाश दिव्यांनी पुसट होत चालले आहे, आणि तेथील परसदारांची जागा सदनिकांनी घेतली आहे.

तेव्हा आरंभी मांडलेल्या प्रश्नाचे उत्तर काय? ज्यांना स्वतःची जमीन आहे त्यांनी अवश्य खांब पुरावा, रूळ टाकावेत आणि ध्रुवाची उंची मोजून छपराची दिशा ठरवावी. सेवानिवृत्तीनंतर गावी घर बांधण्याचा विचार करणाऱ्यांनी गच्चीचा आराखडा काढतानाच त्याची सोय पाहावी. परंतु सरकारी निवासस्थानात राहणाऱ्या आम्हां मंडळींस तोवर थांबण्याचे कारण नाही. ह्वेनचा वाडा, डान्झिगची घरे, विशाखापट्टणमचे आवार, पुण्याची वेधशाळा यांपैकी काहीही टिकले नाही. टिकल्या त्या नोंदी. मृग नक्षत्रातील काक्षी हा तांबूस तारा 2019 च्या अखेरीपासून मंदावू लागला. फेब्रुवारी 2020 पर्यंत त्याचे तेज निम्म्याहूनही खाली गेले, ही गोष्ट नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्यांनाही टिपता आली. शेजारच्या रोहिणीशी ताडून त्याचे तेज लिहिण्यास दुर्बीण लागत नाही, छप्पर तर नाहीच. पावसाळा संपला की तो पूर्वेस उगवू लागतो आणि आपल्या देशात कोणत्याही गावाहून दिसतो. गाव बदलले तर नोंदीच्या ओळीत गावाचे नाव तेवढे बदलावयाचे. वही ट्रंकेत सहज मावते.